पाणीपाळीचे तास प्रोग्रामने वाटताना: समान पाणी, अर्ध्या तासाचे टप्पे आणि बाकीची वही

प्रश्न थोडक्यात असा. करवीर तालुक्यात पंचगंगेच्या काठी एका गावची उपसा जलसिंचन संस्था आहे. एक जॅकवेल (नदीकाठची पाणी उपसायची विहीर), एक मुख्य लाईन, पाणी सोडायचे पाच चेंबर, आणि एका वेळी एकाच चेंबरला पाणी. उन्हाळ्यात उपसाबंदी (ठरावीक दिवस नदीतून पाणी उपसायला मनाई) लागली की एका फेऱ्यात उपशाचे 7 दिवस मिळतात, रोज 8 तास वीज. मागणी सगळी मिळून 64 तासांची. प्रश्नकर्त्याने एक्सेलमध्ये क्षेत्राच्या प्रमाणात तास काढून ते अर्ध्या-अर्ध्या तासात बसवले, तर बेरीज कधी जास्त येते, कधी कमी. शिवाय टेलच्या, म्हणजे लाईनच्या शेवटच्या टोकाच्या, चेंबरवाले म्हणतात, तास बरोबर मिळाले पण पाणी कमी मिळालं. यासाठी प्रोग्राम कसा लिहावा?

प्रोग्राम पन्नास-साठ ओळींचा आहे. त्याआधी वाटायचं काय, हे ठरलं पाहिजे: तास की पाणी? टेलवाल्यांची तक्रार खोटी नाही आणि ती गोलाकाराच्या, म्हणजे आकडे जवळच्या टप्प्याला नेण्याच्या, चुकीतून आलेली नाही. ती एककाच्या निवडीतून आलेली आहे. त्यामुळे सुरुवात मोजणीपासून करा.

प्रत्येक चेंबरच्या तोंडाशी 90 अंशांची व्ही-नॉच, म्हणजे ‘V’ आकाराची खाच असलेली फळी, बसवा. खाचेच्या टोकापासून वर पाणी किती मीटर उभं आहे ते मोजायचं, त्या आकड्याचा अडीचवा घात काढायचा आणि 1.38 ने गुणायचं; विसर्ग सेकंदाला घनमीटरमध्ये मिळतो. मोजपट्टी खाचेला चिकटवू नका, पाणी तिथे खाली वाकलेलं असतं. पाण्याच्या उंचीच्या तीन-चार पट अंतर मागे, म्हणजे साधारण एक मीटरवर ती उभी करा आणि तिचा शून्य खाचेच्या टोकाच्या पातळीला जुळवा. खाचेतून पडणारी धार मोकळी पडली पाहिजे, खालचं पाणी तुंबून वर आलं तर आकडा खोटा ठरतो. जवळच्या चेंबरला 28.5 सेंटिमीटर आलं तर विसर्ग सेकंदाला 60 लिटर. टेलला 26.1 आलं तर 48 लिटर. डोळ्याला जेमतेम अडीच सेंटिमीटरचा फरक दिसतो, पण पाणी 20 टक्के कमी आहे. एक सेंटिमीटर वाचायला चुकलात तर विसर्गात जवळपास 9 टक्क्यांची चूक होते, म्हणून तीन वेळा वाचून मधला आकडा घ्या.

आता पाच चेंबर घेऊ: क, ख, ग, घ, च. क्षेत्र अनुक्रमे 12, 9, 15, 6 आणि 10 एकर. मागणी 16, 6, 20, 8 आणि 14 तास. ही मागणी ‘प्रमाण तासां’त आहे. एक प्रमाण तास म्हणजे 60 लिटरच्या दराने एक तास, 216 घनमीटर पाणी. ख ची मागणी कमी आहे कारण तिथला बराच ऊस तुटून गेलाय. क, ख, घ ला पूर्ण 60 लिटर मिळतं, च ला त्याच्या 0.9 आणि टेलच्या ग ला 0.8 (हा त्यांचा विसर्ग-गुणक).

56 तासांतले सगळे वाटू नका. 300 मिलिमीटरची दीड किलोमीटर लाईन रिकामी झालेली असेल तर ती भरायला 106 घनमीटर पाणी लागतं, म्हणजे 60 लिटरच्या दराने जवळपास अर्धा तास, आणि तोही रोज. पंजाब-हरियाणातल्या वारबंदीत (ठरलेल्या आठवडी पाळीने पाणी वाटण्याच्या पद्धतीत) यासाठी जुने शब्द आहेत: पाट भरायचा वेळ ती ‘भराई’, पाळी संपल्यावर पाटात उरलेलं पाणी वाहत राहतं ती ‘झराई’. तिथे आठवड्याच्या 168 तासांतून सगळ्यांची भराई वजा करतात, झराई मिळवतात आणि मग जो वेळ येतो तो एकरांनी भागतात. तत्त्व असं की भरण्याचा खर्च सगळ्यांचा, ज्याच्या पाळीत तो पडतो त्या एकट्याचा नाही. आपल्याकडे 7 दिवसांचे साडेतीन तास भराईला गेले आणि साडेचार तास वीज-बिघाडासाठी राखीव ठेवले की वाटायला 48 उरतात. लाईन रोज रिकामी होत असेल तर आधी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह तपासा. तो दुरुस्त झाला तर आठवड्याचे तीन तास कोणताही प्रोग्राम न लिहिता मिळतात.

मग नियम कोणता? पहिला मोह मागणीच्या प्रमाणात वाटण्याचा होतो. तो टाळा. 64 तासांची मागणी आणि 48 उपलब्ध असताना क ला 12 तास येतात. क ने पुढच्या खेपेला 16 ऐवजी 24 लिहून दिले तर एकूण मागणी 72 होते आणि क चा वाटा थेट 16 वर जातो, म्हणजे खरी मागणी पूर्ण भागते आणि ती भागते बाकी चौघांच्या वाट्यातून. दोन फेऱ्यांत सगळं गाव फुगवून लिहायला लागतं, मग मागणीच्या आकड्याला काही अर्थ राहत नाही.

दुसरा मोह सॉल्व्हरला (सर्वोत्तम उत्तर शोधणाऱ्या तयार प्रोग्रामला) ‘एकूण पाणी जास्तीत जास्त’ असं उद्दिष्ट देण्याचा. प्रोग्रामिंग येणारे लोक इथेच जास्त फसतात. सॉल्व्हर अगदी बरोबर उत्तर देतो: ज्या चेंबरला तासाला जास्त पाणी पडतं तिथे आधी तास द्या. क, ख, घ ची पूर्ण मागणी 30 तासांत भागते, च ची साडेपंधरा तासांत, आणि 15 एकरांच्या ग ला उरतात जेमतेम अडीच तास. गणित चोख आहे, उद्दिष्ट चुकीचं आहे.

योग्य नियम असा: सगळ्यांची एकरी पातळी, म्हणजे एकरी मिळणारं पाणी, एकसारखी वाढवत न्यायची. ज्याची मागणी भागली तो तिथे थांबतो, उरलेले पुढे वाढतात. तास संपले की थांबायचं. संगणकांच्या जाळ्यात बँडविड्थ वाटतानाही हाच नियम वापरतात आणि तिथेही त्याला ‘पाणी भरणं’ असंच म्हणतात. यात मागणी फुगवून फायदा होत नाही. क ने 24 लिहिले तरी त्याची पातळी इतरांइतकीच राहते, कारण तो मागणीच्या मर्यादेवर थांबलेलाच नव्हता. ज्याची मागणी भागली आहे त्याने फुगवलं तर त्याला फक्त नको असलेलं पाणी मिळतं. त्यावर पाणीपट्टी आकारा, म्हणजे तीही सवय लागणार नाही. समान वाटणीच्या या नियमाचा हा गुण इव्ह स्प्रुमाँ यांनी 1991 साली गणिताने सिद्ध केला. गावकीच्या भाषेत सांगायचं तर खरं बोलणाऱ्याचं यात नुकसान होत नाही.

आकडे घालून बघू. पातळी म्हणजे एकरी प्रमाण तास. तिला ‘प’ म्हणू. ख 6 तासांवर थांबेल असं धरलं तर बाकीच्यांसाठी 42 उरतात. क ला 12प, घ ला 6प, ग ला 15प भागिले 0.8 म्हणजे 18.75प, च ला 10प भागिले 0.9 म्हणजे 11.11प. बेरीज 47.86प, म्हणून प = 0.8775. ख च्या 9 एकरांना या पातळीने 7.9 तास आले असते, मागणी 6 आहे, म्हणजे तो थांबेल हे धरलेलं बरोबर होतं. पंपाचे तास आले: क 10.53, ख 6, ग 16.45, घ 5.27, च 9.75.

एकरी हे साधारण 190 घनमीटर होतात, जमिनीवर साधारण 47 मिलिमीटर. पूर्ण मागणी भागली असती तर क ला 71 मिलिमीटर मिळाले असते. हा फरक आधीच फलकावर लिहा, म्हणजे ज्याला एक सरी आड पाणी द्यायचं आहे तो तशी तयारी करेल.

विसर्ग न धरता नुसते तास समान केले असते तर क ला 11.72 आणि ग ला 14.65 आले असते. टेलला समान पाणी देण्याची किंमत जवळच्यांनी भरायची आहे आणि ती क साठी सव्वा तासाच्या आसपास आहे. हा निर्णय प्रोग्राम लिहिणाऱ्याने घ्यायचा नाही. दोन्ही तक्ते शेजारी छापा, सर्वसाधारण सभेत ठेवा आणि ठराव घ्या. माझं मत स्पष्ट आहे: सभासदाने पाणीपट्टी पाण्याची भरलेली असते, घड्याळाची नाही, म्हणून पाणी समान. पण ठराव नसेल तर हेच मत चेअरमनच्या अंगावर येतं. भारही तिथेच ठरवा: नुसतं क्षेत्र, की आडसाली लागण आणि खोडव्याला वेगळं माप. ज्या पिकाला जास्त भार मिळतो त्याची नोंद वाढते, म्हणून पाहणी करता येईल तेवढेच भेद ठेवा.

प्रोग्रामचा गाभा असा (‘खाली’ आणि ‘वर’ या दोन टोकांमधलं अंतर दर वेळी निम्मं करत योग्य प शोधायचा):

खाली = 0, वर = सर्वांत मोठी (मागणी ÷ क्षेत्र)
60 वेळा करा:
  प = (खाली + वर) ÷ 2
  लागणारे तास = प्रत्येक चेंबरसाठी [किमान(मागणी, क्षेत्र × प) ÷ विसर्ग-गुणक] यांची बेरीज
  लागणारे तास > उपलब्ध तास असतील तर वर = प
  नाहीतर खाली = प
प्रत्येकाचा वाटा = किमान(मागणी, क्षेत्र × खाली) ÷ विसर्ग-गुणक

आधी एक तपासणी घाला: सगळ्यांची पूर्ण मागणी उपलब्ध तासांत बसत असेल तर शोधण्याची गरजच नाही, मागेल तेवढं द्या. क्षेत्र शून्य असलेली ओळ राहिली तर भागाकार फुटतो, ती आधी गाळा. एकर-गुंठे नोंदवताना 40 गुंठ्यांचा एकर विसरू नका; 2 एकर 20 गुंठे हे 2.20 असं टाकणं ही या कामातली सहज होणारी चूक आहे. सगळं गुंठ्यांत साठवलं की ती संपते.

आता गोलाकार. 48 तास म्हणजे अर्ध्या तासाचे 96 टप्पे. वाटे टप्प्यांत: क 21.06, ख 12, ग 32.91, घ 10.53, च 19.50 ला किंचित वर. नेहमीसारखं जवळच्या पूर्णांकाला नेलं तर 21, 12, 33, 11, 20, बेरीज 97. पंप एक टप्पा जास्त चालणार कुठून? एक्सेलमध्ये बेरीज चुकत होती ती अशी.

उपाय सोपा आहे. आधी सगळ्यांचे पूर्ण भाग द्या: 21, 12, 32, 10, 19, बेरीज 94. उरलेले दोन टप्पे ज्यांचा अपूर्णांक मोठा त्यांना: ग (0.91) आणि घ (0.53). च फक्त तीन शतांश टप्प्याने हुकला. त्याचा अर्धा टप्पा, 15 मिनिटं, बुडाली. घ ला 14 मिनिटं जास्त गेली.

नुसती मोठ्या अपूर्णांकाची पद्धत वापरून थांबू नका. तिच्यात एक जुनी खोड आहे. अमेरिकेत 1880 च्या जनगणनेनंतर प्रतिनिधींच्या जागा वाटताना दिसलं की सभागृह 299 चं असेल तर अलाबामा राज्याला 8 जागा येतात आणि 300 चं केलं तर 7. एकूण वाढलं आणि एकाचं घटलं. तुमच्याकडे अर्धा तास वीज जास्त मिळाली आणि त्यामुळे कुणाचा तरी अर्धा तास गेला, तर ते चावडीवर समजावून सांगता येणार नाही. पण तिथे जागा दहा वर्षांतून एकदाच वाटतात आणि पाणी दर फेऱ्याला वाटायचं असतं. म्हणून इथे औषध आहे: बाकीची वही.

प्रत्येक चेंबरपुढे ‘येणे’ किंवा ‘देणे’ लिहून ठेवा आणि पुढच्या फेऱ्याच्या वाट्यात ते मिळवून मगच गोलाकार करा. वरच्या उदाहरणात फेरा संपल्यावर च चे 15 मिनिटं येणे, क चे 2 मिनिटं येणे, घ कडे 14 आणि ग कडे 3 मिनिटं देणे. पुढच्या फेऱ्यात मागणी आणि तास तेच राहिले तर बाकीसह वाटे होतात क 21.12, ग 32.82, घ 10.06, च 20.00, आणि निकाल 21, 33, 10, 20. च चा टप्पा परत आला, घ चा गेला. कुणाचीही चूक अर्ध्या तासाच्या पुढे साठत जात नाही.

वहीत खरी गडबड होते ती वीज गेल्यावर. समजा राखीव तासही संपले आणि ग च्या पाळीत 4 तास वीज गेली. ठरलेले साडेसोळा, मिळाले साडेबारा, म्हणून ग च्या नावे 4 तास येणे लिहिलं जातं. हे चूक आहे. 48 ऐवजी 44 तासच पंप चाललेला असताना 48 चा वाटा कुणाचाच हक्क राहत नाही. फेरा संपल्यावर प्रत्यक्ष चाललेले 44 तास घालून तोच प्रोग्राम पुन्हा चालवा. पातळी 0.794 येते आणि ग चा हक्क 14 तास 53 मिनिटं. म्हणून येणे 2 तास 23 मिनिटं. ते कुणाकडून? क कडून 58 मिनिटं, घ कडून 44, च कडून 41. बेरीज जुळते. (सोपं दिसावं म्हणून मागची बाकी शून्य धरली आहे.)

वहीची सगळ्यांची मिळून बेरीज नेहमी शून्य आली पाहिजे. ती शून्य नसेल तर प्रोग्रामने तक्ता छापूच नये. ठरलेल्या तासांशी तुलना करणाऱ्या वहीत प्रत्येक वीजकपातीनंतर ‘येणे’ वाढत जातं आणि एप्रिल संपेपर्यंत संस्थेवर असे तास साचतात जे नदीतही नाहीत आणि फीडरवरही नाहीत.

परतफेडीला मर्यादा घाला. एका फेऱ्यात कुणाचाही वाटा बाकीपोटी पाव हिश्श्यापेक्षा जास्त कापू नका, नाहीतर मागच्या महिन्याचं देणं फेडताना आजचा खोडवा वाळेल. ऊस तुटला की त्या चेंबरची बाकी कशी मिटवायची, तेही ठरावात हवं. हंगाम संपताना रोखीत मिटवणं सगळ्यात स्वच्छ.

दोन अपूर्णांक अगदी समान आले तर? आधी ज्याचं येणे जास्त तो, तरीही समान असेल तर फिरता क्रमांक. संगणकाला गुपचूप यादृच्छिक आकडा काढायला लावू नका. चिठ्ठीच काढायची असेल तर सभेत लहान मुलाच्या हातून काढा. आणि हिशोब मिनिटांच्या पूर्णांकात ठेवा. दशांशातल्या आकड्यांची तुलना करताना समान असलेल्या दोन बाकी अगदी शेवटच्या स्थानांवर वेगळ्या निघू शकतात आणि दर वेळी एकाच चेंबरला टप्पा जातो.

किती तास हे ठरलं, कधी ते राहिलं. रात्रीची पाळी कुणालाच नको असते, विशेषतः जिथे गव्यांचा वावर आहे तिथे. चेंबरांचा क्रम लावून दर फेऱ्याला सुरुवात एका घराने पुढे सरकवणं पुरेसं आहे, पण एक अट तपासा. विजेचा दिवस-रात्र बदल दोन फेऱ्यांचा असेल आणि चेंबर 4 असतील तर दोन्ही चक्रं एकमेकांत अडकतात आणि काही चेंबरांना कायम रात्रच येते. चेंबर 5 असतील तर तसं होत नाही. सम संख्या असेल तर चार फेऱ्यांनंतर एकदा सुरुवात दोन घरं सरकवा, किंवा प्रत्येकाचे रात्रीचे तास मोजून सगळ्यात कमी रात्र झालेल्याला पुढची रात्र द्या. टप्पे तुकड्यातुकड्याने विखरू नका. दर वेळी व्हॉल्व्ह बदलला की भराई नव्याने लागते. एका चेंबरचे दोनपेक्षा जास्त तुकडे नकोत.

चेंबरच्या आत शेतकऱ्यांमध्ये हाच प्रोग्राम पुन्हा चालवता येतो, फक्त लहान तुकड्यांची अडचण येते. 0.8775 ची पातळी म्हणजे एकरी 53 मिनिटं. 5 गुंठेवाल्याला साडेसहा मिनिटं येतात. तेवढ्यात पाणी सरीच्या शेवटापर्यंत पोचतही नाही. अशांना एक फेरा आड दुप्पट पाळी द्या किंवा शेजारच्या तीन-चार तुकड्यांची एक पाळी करा. टेलच्या ग मध्ये एकरी 66 मिनिटं आहेत, तरी 5 गुंठ्यांना सव्वाआठच होतात.

गावात लावण्याआधी चार चाचण्या करा. चेंबरांची नावं उलटसुलट क्रमाने भरा, वाटे बदलता कामा नयेत. एक चेंबर कागदावर अर्ध्या-अर्ध्या क्षेत्राचे आणि मागणीचे दोन करा, गोलाकाराआधीची बेरीज तीच आली पाहिजे. उपलब्ध तास एकाने कमी करा, कुणाचाही अचूक वाटा वाढता कामा नये. आणि ज्याची मागणी भागलेली नाही असा प्रत्येक चेंबर घ्या, त्याची एकरी पातळी दुसऱ्या कुणापेक्षाही एका टप्प्याच्या फरकाहून खाली असता कामा नये. बाकी मिळवल्यावर ही शेवटची चाचणी अडते, ती बाकी शून्य धरून चालवा.

फलकावर लावायच्या तक्त्यात सात रकाने ठेवा: क्षेत्र, मागणी, विसर्ग, अचूक वाटा मिनिटांत, मागची बाकी, मंजूर टप्पे, नवी बाकी. पाटकऱ्याच्या वहीत व्हॉल्व्ह उघडल्याची आणि बंद केल्याची वेळ दोन्ही चेंबरच्या माणसांच्या सहीने, कारण फेरा संपल्यावर प्रोग्रामला घालायचे तास त्या वहीतूनच येणार आहेत.